फासा, मोहरं आणि तीन पत्ती

२०२५ च्या रमजान ईदनंतर दोन दिवसांनी एक जुना विद्यार्थी घरी आला. उर्दू माध्यमाचा, दहावीला माझ्याकडे मराठी शिकलेला. आता दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजात काम करतो. शीरखुर्म्याची वाटी हातात धरून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि मग एकदम म्हणाला, "सर, अब्बूंना सांगू नका." चौदा महिन्यांत मोबाइलवर आधी रमी आणि मग पोकर खेळून त्याने शेहेचाळीस हजार रुपये घालवले होते. त्यातले बरेचसे बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले.

मी जुगाराविषयी बोलायला सुरुवात केली, तर त्याने मला थांबवलं. "सर, ये जुआ नहीं है. स्किल गेम है. सुप्रीम कोर्ट ने बोला है." आणि त्याने मोबाइलवर ती जाहिरात दाखवली. जाहिरातीत खरंच तसं लिहिलेलं होतं.

शिक्षकाला उत्तर येत नसेल तर आवाज चढवण्याची सवय असते. मीही चढवला. तो गेल्यावर वाईट वाटलं, कारण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. शिवाय मी काही धुतल्या तांदळाचा नाही. बी.एड. करताना वसतिगृहात दिवाळीच्या दिवसांत तीन पत्ती बसायची, आणि त्या मंडळात मीही असायचो. एका रात्री तीनशे रुपये जिंकलो होतो आणि आपल्याला समोरच्याचा चेहरा वाचता येतो, असा माझा पुढे वर्षभर समज होता. ते तीनशे आणि त्यावर आणखी दोनशे कुठे गेले, ते आठवत नाही. जिंकलेली रात्र मात्र अजून आठवते.

म्हणून गेले काही महिने मी हा प्रश्न घेऊन बसलो: खेळात कौशल्य किती आणि नशीब किती, हे माणसं कधीपासून मोजत आली आहेत, आणि कशासाठी?

सुरुवात आपल्याच घरातून करतो. माझे वडील मराठवाड्यातले, हनफी. आई कोकणातली, आणि कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की नाना ओटीवर बुद्धिबळ मांडून बसलेले असायचे. अस्रची अजान झाली की डाव तसाच ठेवून उठायचे आणि परत येऊन तिथूनच पुढे खेळायचे. वडिलांच्या घरी मात्र बुद्धिबळाचा पट कधी आला नाही. मला वाटायचं हा स्वभावाचा फरक. पुढे कळलं की त्यामागे हजार वर्षांचा फिक्हचा वाद आहे.

कुराणात दारूच्या जोडीने ज्याला मनाई आहे तो 'मैसिर'. अनेक भाष्यकार हा शब्द 'युस्र', म्हणजे सोपेपणा, याच्याशी जोडतात. सहज हाती आलेलं धन. इस्लामपूर्व अरबस्तानातला मूळ मैसिर पत्त्यांचा नव्हता, फाशांचाही नव्हता. एक उंट कापायचा, त्याचे वाटे करायचे, आणि दहा बाण एका पिशवीत घालून एकेक काढायचा. सात बाणांवर हिस्से, तीन कोरे. कोरा बाण ज्याचा, त्याने उंटाची किंमत भरायची. गंमत म्हणजे जिंकणारा ते मांस स्वतः खात नसे, गरिबांना वाटून टाकी, आणि कवी त्याच्या दिलदारीचे गोडवे गात. कुराणाने त्यात काही फायदा आहे हे नाकारलं नाही. नुकसान फायद्यापेक्षा मोठं आहे, असं सांगितलं. 'आमच्या व्यवसायातून सरकारला कर मिळतो, तरुणांना रोजगार मिळतो' ही अलीकडची वाक्यं वाचताना मला हा उंट आठवतो.

पुढे अरब इराणात पोहोचले तेव्हा त्यांच्यासमोर दोन खेळ आले. एक शतरंज, जो हिंदुस्थानातून इराणात गेला होता. दुसरा नर्द, म्हणजे आजच्या बॅकगॅमनचा पूर्वज. पहलवी भाषेत एक लहानसा ग्रंथच आहे, ज्यात हिंदुस्थानचा राजा नौशेरवाँच्या दरबारी बुद्धिबळाचं कोडं पाठवतो. वजीर बुजुर्गमेहर ते सोडवतो आणि उत्तरादाखल नर्द रचून परत पाठवतो. नर्दचा पट म्हणजे पृथ्वी, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस-रात्र, आणि फासे म्हणजे फिरणारं नक्षत्रमंडळ. इतिहास म्हणून ही गोष्ट खरी धरू नये. पण दोन खेळांच्या रूपाने दोन जगं समोरासमोर ठेवायची कल्पना त्या काळच्या माणसांना सुचली होती, एवढं खरं.

दहाव्या शतकात बगदादचा मसऊदी आपल्या 'मुरूज अज़-ज़हब' या ग्रंथात याच्याही पुढे जातो. काही मुतकल्लिमांचं, म्हणजे धर्मतत्त्वज्ञांचं, मत तो नोंदवतो: शतरंज शोधणारा मोतझिली असला पाहिजे, माणसाला आपल्या कृतीचं स्वातंत्र्य आहे असं मानणारा, आणि नर्द शोधणारा जबरी, सगळं आधीच ठरलेलं आहे असं मानणारा, कारण फासा सांगेल त्यापलीकडे खेळाडूला काही करता येत नाही. तकदीर आणि तदबीर यांवर आपल्याकडे किती वाज़ झाले, किती पुस्तकं लिहिली गेली! तोच वाद त्या माणसाने दोन पटांवर मांडून दाखवला.

मसऊदीचं हे वर्णन नर्दवर थोडा अन्याय करतं. फासा एकच पडला तरी कोणती सोंगटी हलवायची हे खेळाडूच ठरवतो, आणि चांगला खेळाडू दीर्घकाळात वाईटाला हरवतोच. पण फुकहांनी, म्हणजे कायद्याच्या जाणकारांनी, नर्दवर फारशी दया दाखवली नाही. सहीह मुस्लिममध्ये नर्दशीरविषयी फार कडक हदीस आहे, त्यामुळे तिथे वादाला जागा कमी होती. बुद्धिबळाविषयी तशी सर्वमान्य हदीस नाही, म्हणून तिथे मतं फाटली. इमाम अबू हनीफा आणि इमाम मालिक यांच्या परंपरेत कल मनाईकडे. इमाम शाफईंनी बुद्धिबळ मकरूह म्हटलं, हराम म्हटलं नाही. त्यांच्या परंपरेत अटी घातल्या गेल्या: पैज नको, नमाज चुकायला नको, तोंडी शिवीगाळ नको. नानांचा अर्धवट सोडलेला डाव मला तेव्हा समजला.

या अटींत एक गोष्ट नीट पाहावी. बुद्धिबळात नशीब नाही हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. अब्बासी दरबारातला अस-सूली हा बुद्धिबळातला इतका मोठा उस्ताद होता की त्याचं नाव खेळाच्या इतिहासात आजही घेतात. तरीही पैज लागली की तेच बुद्धिबळ मैसिर होतं, असं फुकहा म्हणतात. म्हणजे 'यात कौशल्य आहे का' हा एक प्रश्न आणि 'यात पैसा लागला आहे का' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आल्याने दुसरा निकाली निघत नाही. हे वाक्य मला ईदच्या दुसऱ्या दिवशी सुचायला हवं होतं.

मधेच एक गोष्ट. अकराव्या शतकात अल-बिरूनी हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याने इथे चार जणांचं बुद्धिबळ पाहिलं. त्यात फासे टाकायचे आणि आकड्याप्रमाणे कोणतं मोहरं हलवायचं ते ठरायचं. घोडा कसा चालतो तो नियम तोच, पण घोडा चालवायचा की हत्ती, हे फासा सांगणार. म्हणजे नशीब ही खेळाची जात नसते. ते मिठासारखं वरून कमीजास्त घालता येतं. पोकरचा इतिहास हा या मीठ घालण्याचाच इतिहास आहे.

पोकर इराणच्या 'आस-नास' या पत्त्यांच्या खेळातून आला, असं जुन्या पुस्तकांत सापडतं. कुठल्याही गोष्टीचं मूळ आपल्याकडे निघालं की आपल्या लोकांना बरं वाटतं. पण पुरावा कच्चा आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये फ्रेंच वसाहतवाले 'पोक' नावाचा खेळ खेळत, त्याच्याशी पोकरचं नातं जास्त जवळचं मानलं जातं. तिथून तो मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर चढला. जो कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ सालच्या एका बोटीवरचा डाव आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. तेव्हा वीसच पत्ते असत: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दस्सी. चौघांना पाच-पाच वाटले की कॅट संपला. पत्ता बदलता येत नसे, नवा येत नसे. जे आलं ते आलं. कौशल्य सगळं बोली लावण्यात आणि चेहरा कोरा ठेवण्यात. आमची वसतिगृहातली तीन पत्ती याच जातीची.

तीन पत्तीचा हिशोब कोणीही मांडू शकतो. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यातले १६,४४० प्रकार म्हणजे काहीच नाही, नुसता वरचा पत्ता. जोडी ३,७४४ वेळा. ट्रेल, म्हणजे एकाच किमतीचे तीन पत्ते, फक्त ५२ वेळा. सव्वाचारशे डावांत एकदा. पत्ते आल्यावर खेळाडूच्या हातात उरतं काय? ब्लाइंड जायचं की बघून, चाल द्यायची की पॅक करायचं, शो कधी मागायचा. समोरच्याच्या पत्त्याची कणभरही माहिती नाही, फक्त तो किती पैसे टाकतो ते दिसतं. मी जे 'चेहरे वाचत' होतो ते बहुधा माझ्याच आशेचे होते.

अमेरिकेत मात्र खेळ बदलत गेला. आधी ५२ पत्ते आले. मग 'ड्रॉ', म्हणजे हातातले नको ते पत्ते टाकून नवे घ्यायचे. यात नशीब वाढलं असं वाटतं, कारण नवा पत्ता कोणता येईल कोणाला माहीत! पण समोरच्याने एक पत्ता बदलला की तीन, यावरून त्याच्या हातात काय असेल याचा अंदाज करता येऊ लागला. पुढे 'स्टड' आला. त्यात काही पत्ते उघडे वाटतात. सात पत्त्यांच्या स्टडमध्ये प्रत्येकाचे चार पत्ते सगळ्यांना दिसतात, आणि जे खेळाडू हात टाकून बाहेर पडले त्यांचे उघडे पत्ते ज्याच्या लक्षात राहिले त्याचं पारडं जड. इथे स्मरणशक्ती लागते, रमीसारखी.

आणि कायदा कुठे पाहतो बघा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १९ व्या शतकात 'स्टड-हॉर्स पोकर' नाव घेऊन बंद झाला. ड्रॉ पोकर त्या यादीत नव्हता, म्हणून गार्डेना गावच्या क्लबांत कित्येक दशकं फक्त ड्रॉ चालला. ज्या प्रकारात माहिती जास्त तो गुन्हा, ज्यात कमी तो चालतो. कायदा करणाऱ्यांनी पत्ते मोजले नव्हते. कोणता खेळ कुठल्या गुत्त्यात चालतो एवढं पाहिलं होतं.

आज जगभर चालतो तो टेक्सास होल्डेम. दोन पत्ते स्वतःचे, पाच सगळ्यांचे मिळून मधे उघडे. सुरुवातीला दोन एक्के येणं हे सगळ्यात चांगलं, आणि ते २२१ डावांत एकदा येतात. समोरच्याकडे दोन राजे असले तर एक्केवाला साधारण शंभरात ८२ वेळा जिंकतो. म्हणजे सगळ्यात भक्कम हात घेऊन, काही न चुकता खेळलेला माणूसही पाचातून जवळजवळ एकदा हरतो. याचाच भाऊ ओमाहा. तिथे चार पत्ते मिळतात आणि त्यातले दोनच वापरायचे. चारांतून दोनाच्या सहा जोड्या होत असल्याने प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. तिथे एक्क्यांची जोडी चांगल्या हातासमोर साठ-पासष्ट टक्क्यांवर येते. एका डावापुरतं नशीब जास्त, विचार करायला गुंतागुंतही जास्त.

मग पोकर नशिबाचा की अकलेचा? याचं उत्तर 'किती डावांत' हे विचारल्याशिवाय देता येत नाही. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या संगणकाने चार व्यावसायिक खेळाडूंना दोघांच्या, अमर्याद बोलीच्या होल्डेममध्ये हरवलं. ते सिद्ध करायला १,२०,००० डाव खेळावे लागले. शिवाय एका खोलीत माणसाला जे पत्ते मिळाले तेच दुसऱ्या खोलीत संगणकाला देण्याची व्यवस्था होती, नशीब दोन्हीकडे सारखं विभागलं जावं म्हणून. त्याआधी २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी ठरावीक बोलीचा, दोघांचाच होल्डेम गणिताने जवळजवळ पूर्ण सोडवून दाखवला होता. तेव्हा पोकरमध्ये कौशल्य नाही असं मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं तर ते खोटं ठरेल. कौशल्य आहे, आणि भरपूर आहे. फक्त ते हजारो डावांनंतर दिसतं, आणि शुक्रवारी पगार झालेल्या माणसाला रात्री साठ-सत्तर डाव मिळतात.

दुसरी बाजू २००३ ची. ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस शंभर डॉलरपेक्षा कमी पैसे भरून ऑनलाइन स्पर्धेतून पुढे आला आणि ८३९ खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत पंचवीस लाख डॉलर जिंकला. त्यानंतर लोकांची रीघ लागली. बुद्धिबळात असं होत नाही. मी विश्वनाथन आनंदशी शंभर डाव खेळलो तर शंभर हरेन, आणि तिसऱ्या डावानंतर परत बसणार नाही. पोकरमध्ये कच्चा खेळाडू अधूनमधून जिंकतो, म्हणून परत येतो. त्यात घातलेलं नशीब दुबळ्याला खुर्चीवर बसवून ठेवतं. ज्यांचा धंदा आहे त्यांना नेमकं एवढंच मीठ हवं असतं.

आता आपल्याकडची न्यायालयं. मुंबई इलाख्याचा जुगारबंदी कायदा १८८७ चा, आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू नाही, असं त्यात कलमच आहे. १९५७ साली चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धांच्या खटल्यांत 'निव्वळ' या शब्दाचा अर्थ ढिला झाला. कौशल्याचं पारडं जड असलं की पुरे. मग आला माझ्या विद्यार्थ्याच्या जाहिरातीतला निकाल, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण, १९६८ च्या निकालवृत्तातला. सिकंदराबादच्या एका क्लबात रमीवर धाड पडली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रमी ही तीन पत्त्यांच्या खेळासारखी केवळ नशिबाची नाही. कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावं लागतं, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा यात बरंच कौशल्य आहे.

इथपर्यंत जाहिरात खरी. पण निकाल तिथे संपत नाही. त्याच परिच्छेदाच्या शेवटी न्यायालय सांगतं की क्लबचा मालक अशा पैजेच्या खेळातून नफा कमावतो असं दिसलं, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. इमाम शाफईंच्या अटींसारखंच हे. खेळ एक गोष्ट, त्यावर लागलेला पैसा दुसरी. वाक्याचा अर्धाच भाग मोबाइलवर फिरला.

पोकरविषयी तर देशात एकमत नव्हतंच. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकर नशिबाचा खेळ ठरवला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सगळेच बंद केले. कौशल्य किती नि नशीब किती, हा प्रश्नच बाजूला ठेवला. एक शिक्षक म्हणून मला याचं बरं वाटलं. इतिहास वाचणारा म्हणून शंकाही आहे, कारण दारं बंद झाली की खिडक्या उघडतात हे आगबोटींपासून दिसतं.

कायदा येण्याआधी, मे महिन्यात, मी त्या मुलाला परत बोलावलं होतं. या वेळी वाज़ केला नाही. वही घेतली आणि त्याला म्हटलं, तू आणि मी अगदी सारखे खेळाडू आहोत असं धर. दोघांनी शंभर-शंभर टाकले, दोनशेचा डाव. अड्डेवाल्याने पाच टक्के नाल काढली, म्हणजे दहा रुपये. वीस डाव झाले. दहा तू जिंकलास, दहा मी. किती उरले? त्याने मनातच केलं. "दो सौ कम." कोणी जिंकले? तो गप्प बसला.

मग त्याने स्वतःच मोबाइलमधला जुना हिशोब उघडला आणि टेबलामागे कापलेली रक्कम एकेक करून मला सांगू लागला. मी लिहीत गेलो. दोन पानं भरली. तो पोकर वाईट खेळत नव्हता, हेही त्या पानांवर दिसत होतं. काही महिने तो नाल सोडता बरोबरीत होता. मी तेही त्याला सांगितलं. सांगू नये असं बायकोचं मत होतं, की पोराला परत उमेद येईल. मला ते लपवणं पटलं नाही.

बहिणीला त्याने स्वतःच सांगितलं. अब्बूंना अजून माहीत नाही. एप्रिलपासून दर महिन्याला तो दोन हजार तिच्या खात्यात टाकतो. मागच्या महिन्यात दहावा हप्ता झाला. सव्वीस हजार बाकी आहेत.